आदर्श पतीची किडनी

माझं ठिबक सिंचनाचं दुकान आहे, कळसच्या फाट्याला. नळ्या, तोट्या, फिल्टर, मोटारींचे सुटे भाग आणि ज्याला हवा त्याला, ज्याला नको त्यालाही, फुकट सल्ला. पाण्यातलं मला सगळं कळतं अशी आमच्या भागात माझी ख्याती आहे. ती मीच पसरवलेली असल्यामुळे तिच्याबद्दल मला खात्री आहे. कुणाच्या डाळिंबाला पाणी किती, कुणाच्या पेरूला किती, कुणाची जमीन खारावून चोपण का झाली, हे मी गिऱ्हाइकाच्या चपलेची माती बघून सांगतो. तेव्हा माझ्या बायकोच्या अंगात पाणी साचायला लागलं, तर ते आधी कुणाला कळायला हवं होतं?

तिच्या जोडव्यांना कळलं. ती बोटांत रुतायला लागली. सकाळी डोळ्यांखाली फुगवटा, संध्याकाळी नडगीवर अंगठा दाबला की खळगा, आणि तो खळगा बराच वेळ तसाच. मी म्हटलं, वजन वाढलंय, भात कमी कर. मग तिची जेवणावरची वासनाच उडाली, तोंडाला पत्रा चाटल्यासारखी चव यायला लागली, तेव्हा कुठं इंदापूरला जाऊन रक्त तपासलं. ब्लडप्रेशर तिला कित्येक वर्षांचं. गोळ्या ती घ्यायची, म्हणजे पाकीट संपेपर्यंत घ्यायची. संपलं की मी आणायला विसरायचो आणि ती आठवण करायला विसरायची, असा आमचा एकमतानं चाललेला संसार. इंदापूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं, दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्यात, बारामतीला किडनीच्या डॉक्टरांकडं जा, आणि लगेच जा.

लगेच म्हणजे आमच्याकडं आठवड्याचा बाजार झाल्यावर. मधल्या दिवसांत इलाज मी हातात घेतला.

माझा विचार अगदी सरळ होता. किडनी म्हणजे फिल्टर, हे तर शाळेतल्या पुस्तकातच होतं. फिल्टर म्हटलं की मग बोलायला माझ्याइतका लायक माणूस अख्ख्या तालुक्यात नाही. वाळूचा फिल्टर क्षारानं तुंबला तर शहाणा शेतकरी काय करतो? बॅकवॉश देतो. जोरात पाणी सोडायचं, घाण फोडून बाहेर काढायची, नळीतून स्वच्छ धार येईस्तोवर थांबायचं नाही. मी बायकोला बॅकवॉश द्यायचं ठरवलं. ओट्यावर तांब्या ठेवला आणि हुकूम काढला, दर तासाला एक. ती बिचारी प्यायली. माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे, वाद घालायला अंगात ताकद नव्हती म्हणून. एकदा तिनं विचारलं, "लघवीला तर होतच न्हाय, मग ह्ये पाणी जातंय कुठं?"

एवढा नेमका प्रश्न मला दुकानात आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारलेला नाही. मी उत्तर दिलं, "मुरतंय."

मुरतच होतं. तिच्या फुप्फुसात मुरत होतं. बाजाराच्या दिवशी सकाळी चहा टाकता टाकता ती ओट्याला धरून खाली बसली. श्वास आत जाईना. आडवं करायला गेलो तर जास्तच घुसमटायला लागली, म्हणून बसवूनच पिकअपमध्ये घातलं. त्या गाडीत मी नळ्यांची वेटोळी पोचवतो. त्या दिवशी एका वेटोळ्याला टेकून ती बसली आणि मी बारामतीपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. तिथं तिला ऑक्सिजन लावला, मानेत नळी घातली आणि डायलिसिसच्या मशीनवर घेतलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, की पेशंटला एवढं पाणी प्यायला कुणी सांगितलं? मी म्हटलं, गावातल्या एकानं. काचेपलीकडं मास्क लावलेली माझी बायको आमच्याकडंच बघत होती. ऐकू येत नसणार, पण तिनं सलाईन लावलेला हात उचलला आणि एक बोट माझ्याकडं केलं.

डॉक्टर भला माणूस. ओरडला नाही. ह्याच भागातला, घरी ऊस असलेला, त्यामुळे त्यानं मला माझ्याच भाषेत सांगितलं, आणि ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. किडनीत गाळणी आहे, पण ती नुसती जाळी नाही काका, म्हणाला, ती कालव्यावरचा पाटकरी आहे. दार किती उघडायचं आणि किती लावायचं ते त्याच्या हातात. तुम्ही उन्हात राबलात आणि पाणी प्यायला नाहीत, तर डोक्यातून निरोप येतो, पाणी कमी आहे, दार लाव. मग लघवी थोडी होते, पिवळी होते. रसवंतीवर दोन ग्लास रस प्यालात तर निरोप उलटा. रक्तात मीठ किती ठेवायचं, पाणी किती ठेवायचं, हा हिशेब तो झोपेतसुद्धा करत असतो. तुमच्या घरी पाटकरी गेलाय. दार गंजून बंद आहे. आणि तुम्ही वरून कालव्याचं आवर्तन सोडलंत.

मी मान हलवली. निचरा नसलेल्या रानाला पाणी द्यायचं नसतं, हे वाक्य मी स्वतः लोकांना शेकडो वेळा ऐकवलेलं आहे.

मग आमचं बारामती सुरू झालं. आठवड्यातून तीनदा. आधी मानेतल्या नळीतून, मग डाव्या हाताच्या शिरा जोडून दिल्या तिथून. त्या जोडावर बोट ठेवलं की आत मोटार चालू असल्यासारखी थरथर लागते. रोज सकाळी मी ती बघायचो, कारण थरथर थांबली म्हणजे जोड गेला. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिचा हात इतक्या नेमानं कधी धरला नव्हता. गेल्यावर आधी काट्यावर उभं करायचं. मागच्या वेळेपासून वजन किती वाढलं ते बघायचं, आणि वाढलेलं सगळं पाणी. तेवढं पाणी चार तासांत मशीननं ओढून काढायचं. निरोगी किडनी जे काम रात्रंदिवस थेंबाथेंबानं करते ते चार तासांत उरकायचं म्हटल्यावर अंग सोसत नाही. जास्त ओढलं की पोटऱ्यांत गोळे यायचे, प्रेशर उतरायचं, डोळ्यांपुढं अंधारी. आणि कमी ओढलं तर घरी आल्यावर धाप. येताना ती गाडीत डोकं मागं टाकून पडायची, पिळून वाळत टाकलेल्या धडप्यासारखी. दुसऱ्या दिवशी जरा माणसात यायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा गाडी.

पाणी दिवसाला एक लिटर. त्यात चहा आला, आमटी आली, ताक आलं, गोळीबरोबरचा घोट आला. ती सकाळी एक बाटली भरून ठेवायची आणि कपभर चहा घेतला की बाटलीतून कपभर पाणी तुळशीला ओतून टाकायची. म्हणजे मग फसवाफसवी नको. मीठ जवळजवळ बंद, कारण मीठ तहान लावतं. भाज्या चिरून उकळायच्या, पाणी फेकायचं, मग फोडणी. डाळिंब बंद, केळं बंद. आमची डाळिंबाची बाग दारात, फळ लगडलेलं, आणि तिला एक दाणा चालत नाही, का तर त्यातल्या पोटॅशियमनं हृदय थांबू शकतं. भेटायला येणारी माणसं तर वैरी असल्यासारखी यायची. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून प्रत्येकजण शहाळी घेऊन. नारळपाणी तिला विषच. ओसरीत शहाळ्यांची रांग लागली. नको म्हणायचं तर माणूस दुखावतो, म्हणून मीच ती सगळी प्यायचो, तिच्याकडं पाठ करून.

दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, वय काही फार नाही, दुसरी किडनी बसवता येईल. मशीनपेक्षा ते चांगलं. घरातल्या कुणाची जुळते का बघा.

हे भिगवणला कळलं आणि दुसऱ्या दिवशी मेहुणा हजर. तिचा धाकटा भाऊ. हायवेला त्याची मासळीची खानावळ आहे. कधी नव्हे तो खानावळ बंद ठेवून आला होता, धुतलेला शर्ट घालून, आणि अंगाला तरीही तळलेल्या मासळीचा वास. त्याच वेळी आमच्या अंगणात भावकीतली आठ-दहा माणसं बसलेली. त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "दाजी, माझी किडनी घ्या. ताईचा न् माझा रक्तगट एकच हाय."

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? त्याला मिठी मारली असती आणि गाडी काढली असती. पण समोर भावकी बसलेली. मेहुण्याकडून घ्यायचं म्हटल्यावर दोघांच्या मिशा हलल्यासारख्या मला वाटल्या. आणि रक्तगट माझाही चालत होता, हे डॉक्टर बोलता बोलता म्हणून गेले होते. मी उभा राहिलो. आणि बोललो, "लग्नात तुमच्याकडनं घेतलं तेवढं बास झालं. बायको माझी हाय. किडनी माझी बसंल. तू मासं तळ."

अंगणात कुणीतरी वा म्हणालं. ती वा अजून माझ्या कानात आहे. मेहुणा खाली बघत म्हणाला, की दाजी, निदान तपासण्या तरी दोघांच्या करू. मी म्हटलं, बैल धष्टपुष्ट आहे, दात कसले बघतोस. सगळे हसले. तोही हसला. त्याला मी चहा पाजून भिगवणला परत पाठवला. बायको दारात उभी होती, ती हसली नाही.

आठवड्याच्या आत फाट्यावर फ्लेक्स लागला. माझा एक मित्र आहे, त्याला पंचायतीला उभं राहायचं होतं आणि कारण मिळत नव्हतं. ते मी दिलं. वर त्याचा फोटो, मोबाईल कानाला लावलेला. खाली जरा लहान माझा फोटो, लग्नातल्या फेट्यातला, कुणाच्या तरी लग्नातल्या. आणि मजकूर, पत्नीस किडनीदान करणाऱ्या आदर्श पतीचे हार्दिक अभिनंदन. करणाऱ्या. तोवर मी लघवीची बाटलीसुद्धा कुणाला दिलेली नव्हती.

आमच्याकडं सत्काराला काम व्हावंच लागतं असं नाही. काम होणार आहे एवढं कानावर आलं की शाल निघते. शाळेच्या पटांगणात हळदीकुंकवाचा मोठा कार्यक्रम होता, त्यात मित्रानं माझा नंबर लावला. शाल, श्रीफळ, फेटा. बायका टाळ्या वाजवत होत्या आणि टाळ्या वाजवताना आपापल्या नवऱ्यांकडं बघत होत्या. नवरे माझ्याकडं असं बघत होते, की ह्याला गाठून कुठंतरी कोपऱ्यात घ्यावं. मला माईक दिला. मी बोललो, खूप बोललो. सात जन्म काढले, अर्धं अंग काढलं, सावित्रीनं नवऱ्यासाठी केलं ते आता नवऱ्यानं बायकोसाठी करायला नको का, असं काहीबाही. माझं मलाच भरून आलं.

स्टेजवर माझ्या शेजारच्या खुर्चीत बायको बसलेली. दोन बारामतींमधला दिवस होता, म्हणून आणता आली. पाहुण्यांना देतात तशी तिच्याही हातात गार पाण्याची सीलबंद बाटली दिलेली होती. ऊन होतं. मी बोलत होतो तेवढा सगळा वेळ ती बाटली तिनं दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवली होती. बाटलीला घाम सुटलेला, त्यानं तिच्या नव्या साडीवर ओला गोल डाग पडला होता. ती एकदा बाटली उचलून गालाला लावून परत खाली ठेवताना मी बघितलं. मी मध्ये थांबलो नाही.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "अजून द्यायची हाय. दिल्यागत काय बोलता?"

मी म्हटलं, शब्द दिलाय म्हणजे दिलीच.

तपासण्या पुण्याला करायच्या होत्या. त्या लांबत गेल्या. आधी ठिबकचा हंगाम होता, मग दोन ठिकाणी आणखी सत्कार, मग डाळिंबाची तोडणी. खरं कारण वेगळं होतं, मला भीती वाटत होती. कापायची, भुलीची, एका किडनीवर जगायची. पण फेटा बांधून झाल्यावर भीती वाटते म्हणायची सोय राहत नाही. फाट्यावरनं जाताना रोज मला माझाच फोटो हसून बघायचा. ती मात्र आठवड्यातून तीनदा गाडीत बसायची, काट्यावर उभी राहायची, आणि एकदाही म्हणाली नाही, की चला पुण्याला. शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, काका, दाता कुठाय? मग जावंच लागलं.

पुण्यात सगळ्यात आधी सोनोग्राफी. तरुण डॉक्टरीण होती. पोटावर गार जेली लावून ती यंत्र फिरवायला लागली आणि मी तिला सांगत होतो, की आम्ही शेतकरी माणसं, दगड पचवतो. तिनं यंत्र एका जागी थांबवलं. मग दुसऱ्या बाजूला नेलं. तिथंही थांबवलं. विचारलं, पाठीत कधी दुखतं का? मी म्हटलं, गॅस होतो अधूनमधून, सोडा घेतला की जातो.

"गॅस नाही काका," ती म्हणाली, आणि ओठ घट्ट मिटले. हसू दाबत होती. "दगड आहेत. दोन्हीकडं."

मुतखडे. दोन्ही किडन्यांत. त्यातल्या एका खड्यानं डावीकडचा रस्ता कधीचा अडवून धरलेला आणि ती किडनी फुगून फुगून आता पातळ झालेली. आमच्याकडं बोअरचं पाणी जड, ते क्षार ड्रिपरच्या तोंडावर कसे बसतात हे मी गिऱ्हाइकाला भिंग देऊन दाखवतो. मोठ्या डॉक्टरांनी फिल्म वर धरून बघितली आणि चार वाक्यांत निकाल दिला. तुमची किडनी काढता येणार नाही. तुम्हाला जगायलाच दोन्ही पुरवून वापराव्या लागतील. डावीकडचा खडा काढून घ्या. आणि पाणी प्या, दिवसाला तीन लिटर तरी प्या, नाहीतर दहा वर्षांनी तुम्हीही मशीनवर.

बाहेर बाकावर बायको बसली होती. मी शेजारी बसलो आणि सांगितलं. मला वाटलं होतं रडेल. तिनं विचारलं, "दुखतं का?"

मी नाही म्हटलं. थोडा वेळ ती भिंतीवरच्या जाहिरातीकडं बघत बसली. तीत एक बाई पेला तोंडाला लावून हसत होती. मग म्हणाली, भावाकडं जाऊ.

भिगवणला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ झालेली. खानावळीसमोर ट्रक लागलेले, आत कढया चालू. मी म्हटलं, चल. ती गाडीतून उतरली नाही.

"मी समोर उभी ऱ्हायले तर त्यो न्हाय म्हणायचा न्हाय," ती म्हणाली. "तसली नगं मला."

मी एकटाच आत गेलो. मेहुण्यानं मला बघितलं, आणि मला बसायला सांगायच्या आधीच त्याला कळलं. पुण्याचं त्याला फोनवर कुणीतरी सांगितलं असावं, अशा बातम्या आमच्याकडं गाडीच्या पुढं पळतात. त्यानं माझ्यापुढं तळलेल्या चिलापी मासळीचं ताट ठेवलं, भाकरी आणली, कांदा आणला, लिंबू आणलं. आणायचं सगळं संपलं तेव्हा टेबलापाशी उभा राहिला. बसला नाही. मी म्हटलं, माझी चालत नाही. आता तुझ्याशिवाय कुणी नाही.

तो बराच वेळ हातातल्या फडक्यानं टेबल पुसत होता. स्वच्छ टेबल.

"दाजी, त्या दिवशी मी घरनं ठरवून आलो हुतो," तो म्हणाला. "बायकोला रडवून, पोरींना सांगून आलो हुतो. तुमी मला समद्यांदेखत परत धाडलं. म्या घरी गेलो तर बायकोनं देवाला नारळ फोडला. आता तिला परत कुठल्या तोंडानं सांगू?"

मी म्हटलं, मी येऊन सांगतो. पाया पडतो तिच्या.

"तिचं सोडा. माझंच मन धजत न्हाय आता. त्यावेळी धजलं हुतं." मग फडकं खांद्यावर टाकून म्हणाला, "लई भ्यालोय दाजी मी. तुमी परत धाडलं त्या दिवसापत्तुर न्हवतो भ्यालेलो."

भितोस काय, असं त्याला म्हणायला माझ्या तोंडाला जागा नव्हती. त्याला शूर व्हायची एक संधी आली होती आणि ती मी भावकीदेखत हिसकावून घेतली होती, स्वतःला शूर दिसायला. मी ताटातलं खाल्लं. सगळं खाल्लं, कारण टाकलं असतं तर ते आणखी वाईट दिसलं असतं. त्यानं पैसे घेतले नाहीत. निघताना हातात एक पुडकं दिलं, तिच्यासाठी. म्हणाला, बिनमिठाची तळलीय, तेल नितळून घेतलंय, चालंल तिला.

गाडीत बसलो तर तिनं विचारलं, जेवलात का. मी हो म्हटलं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पुडकं सोडलं. कळसच्या फाट्यापर्यंत ती सावकाश काटे काढत मासळी खात होती. एकदा म्हणाली, ह्याच्या हाताला लहानपणापासून चव आहे. त्यानंतर मेहुणा आमच्याकडं आलेला नाही. फोन केला तर उचलतो, ताई बरी आहे का विचारतो, आणि ठेवून देतो.

आता तिचं नाव पुण्याला यादीत लावलंय. कुणी मेंदू थांबून गेलेला माणूस, त्याच्या घरच्यांनी हो म्हटलं, रक्त जुळलं, आपला नंबर आला, तर बोलावणं येणार. म्हणजे कुणाच्या तरी घरी आकांत होण्याची वाट बघत बसायचं. तोवर बारामती. फ्लेक्स मित्रानंच काढला, निवडणुकीत पडल्यावर. आमच्याकडं फ्लेक्स कुणी वाया घालवत नाही. तो सध्या वस्तीवरल्या एका शेळ्यांच्या गोठ्यावर आहे. आदर्श पती एवढाच भाग वर दिसतो, बाकी मजकुरावर कडबा.

आणि माझ्या मागं ते पाण्याचं लागलं. तीन लिटर. घरात एक माणूस घोटघोट मोजून पिणारं, ओठ सुकलेलं, लिंबाची फोड चोखत बसणारं. आणि दुसऱ्याला डॉक्टरांनी घागरीनं प्यायला सांगितलेलं. मला ते जमेना. तिच्यासमोर तांब्या तोंडाला लावायची लाज वाटायची. दुकानात पीत जाईन म्हटलं, तर गिऱ्हाइकांच्या नादात राहून जायचं. विहिरीवर मोटार चालू करायच्या निमित्तानं जायचो आणि पाइपला तोंड लावून प्यायचो, इकडंतिकडं बघत, एखादा चोरून दारू पितो तसा. डावीकडचा खडा काढायलाही गेलो नव्हतो. बारामतीच्या दिवसांतून माझे दिवस कुठून काढायचे.

चैत्रात एका दुपारी त्या खड्यानं मला धरलं. जेवून उठलो आणि कमरेत कुणीतरी पहार घातल्यासारखं झालं. ओसरीवर लोळलो, भिंतीला पाय लावले, ओकलो. तिचा बारामतीचा दिवस नव्हता, पण उभं राहायलाही त्रास होईल इतकं पाणी तिच्या अंगात साठलेलं होतं. तरी ती उठली, दुखायची गोळी देऊ नका असं किडनीच्या डॉक्टरांचं ऐकलेलं तिला पाठ होतं, म्हणून तिनं डॉक्टरांना फोन करून विचारलं, शेजारच्या माणसाला पाठवून इंजेक्शन आणवलं, गावातल्या नर्सबाईंना बोलावलं. तासाभरानं कळ ओसरली. मी घामानं भिजून भिंतीला टेकून बसलो.

ती माजघरात गेली. येताना हातात भरलेला तांब्या आणि फुलपात्र. माझ्यासमोर पाटावर बसली, धाप लागली म्हणून जरा थांबली आणि फुलपात्र भरून पुढं केलं.

मी म्हटलं, ठेव, पितो मागनं.

"माझ्यासमोर प्या."

"अगं, तुझ्यासमोर कसं…"

"कसं म्हंजे? तोंडानं," ती म्हणाली. "माझ्यासाठी तहानलेलं ऱ्हायलात म्हणून माझी तहान भागतीया व्हय? उद्या तुमीबी त्या मशीनच्या खुर्चीत जाऊन बसला, तर गाडी कोण चालवायचं? माझा भाऊ?"

हे शेवटचं ती पहिल्यांदाच बोलली. एवढ्या महिन्यांत एकदाच. मी फुलपात्र घेतलं. माठातलं पाणी होतं, वाळ्याचा वास असलेलं, चैत्रातल्या दुपारी लागतं तसं गार, घशातून उतरताना पार आतपर्यंत कळत होतं. मी तोंड वाकडं न करता, चेहऱ्यावर काही न दाखवता प्यायचा प्रयत्न करत होतो. ती माझ्या गळ्याकडं बघत होती. मी गिळेन तसे तिचे ओठ जरा हलत होते. तिचं तिला माहीत नसावं.

"गार हाय का?" तिनं विचारलं.

"न्हाय," मी म्हटलं. "कोमटच हाय."

"माठ सकाळी मीच भरलाय," ती म्हणाली, आणि दुसरं फुलपात्र भरलं.